पाठीमागे वाजवलेली थाळी

पद्मिनीबाईंचा नातू यशदीप अकराव्या महिन्यातच चालायला लागला, तेव्हा रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्या बिल्डिंगमध्ये घरोघरी पेढे गेले. पोट्टा होताच तसा हुशार. सव्वा वर्षाचा असताना वाट्या लहानमोठ्या बघून एकात एक बसवायचा. बाप दाराकडे वळला की बरोबर बापाचीच चप्पल ओढत आणायचा. सुनेच्या, ज्ञानदाच्या मोबाइलमध्ये मुलांच्या वाढीची एक यादी होती. दर रविवारी ती यशूसमोर बसायची, दोन्ही हात पसरून "यशू, आ जा!" म्हणायची, यशू धावत यायचा आणि 'हाकेला ओ देतो' या ओळीपुढे खूण पडायची. हात न पसरता एकदा हाक मारून बघावी, हे दोन पदव्या घेतलेल्या बाईला सुचलं नाही.

पद्मिनीबाईंना सुचलं. मुलगा उदय आणि ज्ञानदा सकाळी नऊला नवा रायपूरच्या ऑफिसला निघाले की संध्याकाळी सातपर्यंत घरात नातू आणि त्या. कुकरची शिट्टी झाली तरी हा मान वर करत नाही. कामवाल्या विमलाच्या हातून वरवंटा पडला की मात्र दचकतो, कारण फरशी हादरते. हे त्यांनी हेरून ठेवलं. एका दुपारी त्यांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून थाळीवर पळी आपटली. काय झालं म्हणून विमला मोरी सोडून धावत आली, "का होगे दाई?" यशू वाट्या रचतच राहिला.

"उदय, मले वाटते याले आयकू येत नाही," उदय घरी येताच त्या म्हणाल्या. "एकदा कानाच्या डॉक्टरले दाखव."

"आई, आप डॉक्टर मत बनो," उदय हसला. "खेल रहा होगा, ध्यान नहीं दिया."

दीड वर्ष उलटलं तरी तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा घर जागं झालं. ज्ञानदाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं निदान केलं. आजी मराठी बोलते, आईबाप हिंदी, विमला छत्तीसगढी. तीन भाषांत लेकराचा गोंधळ उडतो. आता यात कोणाची भाषा बंद होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आई, कुछ दिन उससे मराठी मत बोलो. हिंदी बोलो, नहीं तो चुप रहो," उदय म्हणाला.

"अरे, आयकेन तं गोंधळेन ना तो!"

"फिर वही?"

पद्मिनीबाईंचं सारं आयुष्य रेल्वे क्वार्टरात मराठी शेजाऱ्यांत गेलेलं. त्यांची हिंदी भाजीवाल्यापुरती. त्या गप्प झाल्या. भूक लागली का विचारायचं तर तोंडाशी बोटं, आंघोळीला डोक्यावर तांब्या ओतल्याची खूण, झोपायचं तर गालाखाली हात. पोरानं दोन महिन्यांत सगळ्या खुणा उचलल्या आणि स्वतःच्या चार जास्तीच्या काढल्या. ज्ञानदा हरखली. "देखा, मराठी बंद की तो कितना समझने लगा!"

झालं. कानाचा डॉक्टर आणखी वर्षभर लांब गेला. विमलाला सोबत घेऊन, ऑटो करून त्या स्वतः जाऊ शकल्या असत्या. गेल्या नाहीत. मुलगा चिडेल याचं भय वाटलं. त्या भ्याडपणापायी त्यांना पुढे स्वतःचीच किळस आली.

अडीच वर्षांचा झाल्यावर प्ले स्कूलच्या दीदीनं, आधी कान तपासून आणा, असं बजावलं. पंडरीकडच्या एका दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. ऐकायचं मशीन लावू, पण बोलणं शिकवायला आता फार कष्ट पडतील, एक वर्ष आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. भाषेचं विचारलं तर म्हणाले, कोणतीही बोला, पण त्याच्याशी बोला.

मशीन बसवून आणलं त्या संध्याकाळी उदय हॉलमध्ये फोनवर होता. पलीकडे पद्मिनीबाईंचीच नागपूरची धाकटी बहीण. "क्या करें मावशी," तो सांगत होता, "आई दिनभर घर में रहती है, पर उनके भी ध्यान में नहीं आया."

पद्मिनीबाईंची पोळी तव्यावर तशीच राहिली. त्या बाहेर आल्या.

"माह्या ध्यानात आलं होतं!" त्या ओरडल्या. "सव्वा वर्षाचा होता तवाच सांगितलं होतं तुले! तूनच मले चूप बसवलं. आता काहून खोटं बोलून राहिला रे?"

उदयनं फोनवर हात ठेवला. "आई, धीरे."

"काहून धीरे? अजून किती चूप राहू?"

कोपऱ्यात वाट्या घेऊन बसलेल्या यशूची मान झटक्यात वळली. आजीचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, दोन्ही हातांनी कान दाबले आणि भोकाड पसरलं.