कुशीवर पोहण्याची विद्या

आमच्या दिग्रसकडील मुले विहिरीत पोहायला शिकत आणि शिकताना तोंड झाळून बंद केलेला रिकामा डबा पाठीला बांधीत. हा डबा माणसाला बुडू देत नाही, तसाच वळूही देत नाही. मला शिकविणाऱ्या मामांचा दंडकच होता, की डबा पाठीवर हलता कामा नये. तो मी इतक्या निष्ठेने पाळला, की डबा सुटल्यावरही मी पाण्यावर पाटासारखा सपाट राहत असे आणि नदी ओलांडणाऱ्या म्हशीप्रमाणे श्वासासाठी मान उंच करीत असे.

साठ सालानंतरची गोष्ट. शाळेतून एका मुलाला पोहण्याच्या शर्यतीसाठी नागपूरला पाठवायचे ठरले. मी तोवर यवतमाळपलीकडे गेलो नव्हतो. नागपूर पाहण्याची माझी इच्छा पोहण्याच्या आवडीहून पुष्कळच मोठी होती. निवड गावाबाहेरच्या तलावावर व्हायची होती, आणि माझ्याशिवाय त्या योग्यतेचा एकच मुलगा होता. तो माझ्याच बाकावर बसणारा मित्र होता.

कवायतीचे मास्तर मला म्हणाले, "तू छातीवर पोहतोस. कुशीवर पोहायला शीक. उजवा हात पुढे गेला, की उजवा खांदा नि कंबर त्याच्याबरोबर खाली गेली पाहिजे. डावी बाजू आपोआप वर येते. तोंड नुसते बाजूला कर, हवा मिळेल. मग डावा हात, डावी कूस."

मी हे मामांना सांगितले. मामांनी विचार केला.

"मंग डबा पाठीवरून काढू अन् बगलेत बांधू."

"दोन्ही बगलेत, मामा?"

"डबा एकच हाय आपल्यापाशी."

डाव्या बगलेतल्या डब्यामुळे माझी डावी बाजू उत्तम वर येऊ लागली. खाली जायला मात्र ती तयार नव्हती. परिणामी मी गोल फिरू लागलो. विहीरही गोलच असल्याने हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मामा तर प्रसन्न झाले.

पुढे डबा सोडून तलावात सरावाला उतरलो, तरी शरीराची खोड गेली नव्हती. समोरच्या काठाकडे निघालेला मी धुणे धुणाऱ्या बायकांपाशी पोहोचलो. एक बाई कपडा आपटत म्हणाली, "काहून रे बापू, रस्ता चुकला काय?"

निवडीची शर्यत तलावाच्या पाळीलगत, म्हणजे बांधालगत, पाण्यात रोवलेल्या एका बांबूपर्यंत होती. मित्र माझ्या उजव्या हाताला होता. डावीकडे पाळीवरून मामा धोतर खोचून, मला शिव्या देत चालत होते. त्यांच्या धाकाने मी डावीकडे वळे. मित्र किती पुढे गेला हे पाहिल्यावाचून राहवेना, म्हणून उजवीकडे वळे. दोन्ही कुशी आळीपाळीने खाली जाऊ लागल्या, हात लांब पडू लागले, मान खाली राहिली, आणि मी प्रथमच सरळ जाऊ लागलो. माझे अर्धे अंग भीतीने वळत होते आणि अर्धे मत्सराने, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

बांबूपाशी आम्ही बरोबरीने आलो. शेवटचे हात श्वास न घेता टाकायचे, असे मास्तरांनी बजावले होते. मी एकदाच उजवीकडे पाहिले. मित्र माझ्याकडे पाहत नव्हता. त्याचा हात बांबूला लागलेला होता.

मामा म्हणाले, "चांगला पोहला तू. पण त्याले पाहाले कायले गेलता?"

नागपूरला लंगोट चालणार नव्हता, आणि आम्हा दोघांत शिंप्याकडून शिवून घेतलेली चड्डी मजपाशीच होती. मास्तरांच्या सांगण्यावरून मी ती वाळवून, घडी घालून मित्राला दिली. तिची नाडी जुनी असून दुहेरी गाठ मारल्यावाचून टिकत नाही, हे त्याला सांगावे की नाही, याचा विचार करीत मी मोटार-स्टँडवर बराच वेळ उभा राहिलो. अखेर सांगितले. तेव्हा बस सुटली होती. खिडकीतून तो हसून हात हलवीत होता. त्यावरून त्याला कितपत ऐकू आले असेल, हे मला ठरविता आले नाही.