रिकाम्या स्टुलाचा फोटो

अंगात येणं, नजर लागणं, पडछाया दिसणं... यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. आजही मानत नाही. आठवीत शाळा सुटली म्हणून हिला कोणीही काहीही पटवून देईल, असं कोणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे. जे झालं ते लिहिते. हसायचं त्याने हसावं.

माझं माहेर आजऱ्याकडे, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार टोकाला. सासर समुद्रपूर, जिल्हा वर्धा. म्हणजे महाराष्ट्राचं ते टोक आणि हे टोक. लग्न होऊन आले तेव्हा इथलं बोलणं अर्धं कळायचं नाही, ऊन तर सोसायचंच नाही. एकट्या आईला मागे ठेवून आलेली, कोणाचा फोन आला तरी छातीत धस्स व्हायचं. सासऱ्यांचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. कोपऱ्यात बसून रडणाऱ्या सुनेला त्यांनी एक दिवस डार्करूममध्ये नेलं.

"रडाचं असंन तं इथं रड. अंधारात कोनाले दिसत नाई. पन हात रिकामे नको ठेवजो."

आणि मला फिल्म धुवायला शिकवलं. या माणसाने मला इथं रुजवलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला माझे दीर मंगेशभाऊजी नागपूरहून डिजिटल कॅमेरा घेऊन आले. काढला, बघितला, नाही आवडला — डिलीट. मामाजींचा रीळवाला कॅमेरा आणि फोटो मोठे करून छापायचा एन्लार्जर भंगारात काढायचं घाटत होतं.

"वहिनी, दुनिया कुठं चालली अन् तुमी कुठं! कोन धुत बसते आता रीळ?"

"मी बसते," मी म्हटलं. "ब्लॅक अँड व्हाइट पासपोर्ट मी रिळावरच काढणार. नाव नाही काढायचं भंगाराचं."

मामाजी मिशीत हसले. तेवढ्यापुरतं भंगार टळलं.

आता रिळाची एक पद्धत असते. गिऱ्हाईक घाईत असलं आणि रिळात एखाद-दुसरी फ्रेम उरली असली, की ती आम्ही समोरच्या रिकाम्या स्टुलावर उडवतो आणि रीळ धुवायला घेतो. त्या दिवशी एकाला फॉर्मवर लावायला फोटो हवा होता. त्याचा काढला. एक फ्रेम उरली. स्टूल, मागे पडदा... बटण दाबलं. भर दुपारची वेळ. मनात काय होतं म्हणाल तर काही नाही — भाजी फोडणीला टाकायची राहिली होती, तेवढंच.

रीळ धुतलं. वाळल्यावर उजेडात धरलं तर शेवटची फ्रेम भलतीच दिसली. छापून बघावं म्हणून कागद ट्रेमध्ये सोडला. लाल बल्बखाली आधी वर आली कौलं... मग कट्टा... मग कट्ट्यावर बसलेली माझी आई. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बाहेर आलेली बोटं टम्म सुजलेली. अंगणातला फणस नव्हता, नुसता बुंधा. माहेराहून मी निघाले तेव्हा तो फणस उभा होता. स्टूल नाही, पडदा नाही. आणि आई थेट माझ्याकडे बघत होती.

"डबल झालं असंन रीळ, एकावर एक दोन फोटो," भाऊजी म्हणाले. "कोनाचं तरी घर आलं."

रीळ नवं होतं, पाकीट मीच फोडलेलं. कॅमेरा कधी जिल्ह्याबाहेर गेला नव्हता. "कोणाचं तरी नाही. माझं घर आहे. माझी आई आहे."

"मंग फोन लावा ना! काऊन रडून राह्यल्या?"

एसटीडीवरून माहेरच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "आई व्हय? बरी हाय की! शेतात गेलीया."

"झालं ना समाधान?" भाऊजी म्हणाले. "लग्नाच्या ऑर्डरी तोंडावर हायेत. हे भूत काढा डोक्यातून." आमच्या ह्यांचंही तेच म्हणणं. सगळ्या घराचंच.

फोन एक सांगत होता, कागद दुसरंच. मला कागद खरा वाटला. माणूस माझी काळजी म्हणून खोटं बोलेल... रिळाला माझी काय पडलीय? मी पिशवी भरली. तेव्हा मामाजी उठले, चपला घातल्या. वर्ध्याला येऊन त्यांनी मला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवलं. खिडकीतून एवढंच म्हणाले, "फोटो संगं ने. मायले दाखवजो."

घरी पोचले तर आई कट्ट्यावर. तेच प्लास्टर. तोच बुंधा, फणस वळवाच्या वाऱ्यात पडला होता आणि त्याच्याच फांदीखाली आईचा पाय मोडला होता. "पोरगी लांब हाय, तिच्या जिवाला घोर नको," म्हणून तिनेच सगळ्या गल्लीला गप्प केलं होतं. बोटं तोवर काळी पडायला लागली होती. जीप करून गडहिंग्लजला नेलं. डॉक्टरांनी घट्ट आवळलेलं प्लास्टर कापलं आणि म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता.

दवाखान्यातच मी तिला फोटो दाखवला. वाटलं, घाबरेल. तिने नुसती मान हलवली.

"ह्यो त्या दिसाचा न्हवं? तू अंगणात हुबी हुतीस की डोळ्याला डबडं लावून. मी हाक मारली. उठाय येईना मला... आत ये म्हणेस्तोवर गेलीस."

मी फोटो परत पिशवीत ठेवला.

आता नणंदेची मुलगी नागपूरच्या कॉलेजातून येते आणि कॅमेऱ्याला चिकटते. "मामी, हे रेट्रो म्हणून परत चालून राह्यलं! मले द्या ना!" फॅशन म्हणून गळ्यात अडकवायला मी तो देणार नाही. भाऊजींच्या कॅमेऱ्यात तो फोटो आला असता, तर खराब आला म्हणून तिथल्या तिथे डिलीट झाला असता.

दर रिळाची शेवटची फ्रेम मी आजही रिकाम्या स्टुलावरच घालवते. दर वेळी स्टूलच येतं. त्या एका दिवशी काय झालं, मला माहीत नाही, आणि ज्यांनी ज्यांनी समजावून सांगितलं त्यांनाही त्या प्लास्टरचं उत्तर देता आलेलं नाही.

आई आता काठीशिवाय चालते. फक्त तिचा एक राग काही जात नाही — त्या दिवशी एवढ्या लांबून अंगणापर्यंत आलीस, आणि घोटभर पाणी न पिता गेलीस.