चौथं रीळ

माझ्या मावशीने एकतीस वर्षं फिल्म तपासायचं काम केलं. फिल्म क्लबच्या तळघरात तिचं टेबल होतं. दोन्ही बाजूंना रीळ गुंडाळायच्या चकत्या, मध्ये चित्र दिसायला शाळेच्या वहीएवढी काच आणि आवाजासाठी छोटा कर्णा. हातात पांढरे सुती मोजे घालून ती फिल्मची कड चिमटीतून सरकवायची. कुठे भोक फाटलेलं, कुठे जोड सुटलेला बोटांना कळला की थांबायची, कापायची, जोडायची आणि पुढे. जुन्या फिल्मांचा आंबूस वास तिच्या साड्यांना कायम असे. आई म्हणायची, "ताई घरी आली हे मला नाकाने कळतं."

मावशी आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. इंग्रजी ती शाळेत जेमतेम शिकली होती. बाकीची सगळी त्या काचेवर शिकली, हॉलिवूडचे कृष्णधवल सिनेमे बघून. त्यामुळे तिच्या इंग्रजीला एक ऐट होती. बँकेतल्या माणसावर चिडली की जुन्या जमान्यातल्या श्रीमंत विधवेसारखी बोलायची आणि तो बिचारा उठून उभा राहायचा.

हिरोइनींचं तिला फारसं कौतुक नव्हतं. "तिच्यावर दिवे असतात गं," म्हणायची. "मी कडेला उभ्या असलेल्या बायकांकडे बघते. त्यांच्या बघण्यावरून आपल्याला कळतं, खोलीत काय चाललंय ते."

मी त्याच क्लबच्या कार्यालयात कारकून होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

क्लबला पन्नास वर्षं झाली तेव्हा अध्यक्षांनी एक कार्यक्रम काढला. फार पूर्वीच्या एका वर्षी सहायक अभिनेत्रीच्या बक्षिसासाठी ज्या पाच जणींना नामांकन होतं, त्यांचे पाचही सिनेमे पाच शनिवारी दाखवायचे आणि खरं बक्षीस कुणाला मिळायला हवं होतं ते तीन परीक्षकांनी ठरवायचं. एक परीक्षक वर्तमानपत्रातले समीक्षक. दुसऱ्या, रंगभूमीवरून निवृत्त झालेल्या एक नटी, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. तिसरे एक प्राध्यापक होते, पण ते ऐन वेळी लेकीकडे परदेशी गेले. अध्यक्ष मला म्हणाले, "तळघरातल्या ताईंना घ्या. कर्मचाऱ्यांनाही बरं वाटेल."

यातलं शेवटचं वाक्य मी मावशीला सांगितलं नाही. तिने मात्र काम असं अंगावर घेतलं की जणू कुणाच्या जन्मठेपेचा प्रश्न आहे. पाचही सिनेमे टेबलावर पुन्हा लावले. कोण किती फूट फिल्मवर दिसते ते मोजलं. एक दारुडी सरदारीण, एक हसरी घरमालकीण, एक चाकाच्या खुर्चीतली सासू. चौथी मोठी नावाजलेली तारका, नायिकेच्या बहिणीच्या भूमिकेत, आणि त्या वर्षीचं बक्षीस तिलाच मिळालं होतं. "अर्ध्याहून जास्त सिनेमाभर ही दिसते," मावशी जेवताना ताटावर बोट आपटत म्हणाली. "ही सहायक कशी? हिला सहायक म्हणायचं तर मग कडेला उभ्या राहणाऱ्यांना काय म्हणायचं, फर्निचर?"

पाचवी एका युद्धकाळातल्या सिनेमातली मोलकरीण. तिचं नाव आज कुणालाही आठवत नाही.

शनिवारचे खेळ बघायला मावशी वर आली नाही. ती खाली पुढच्या आठवड्याची रिळं तयार करत असायची. म्हणून घोटाळा तिला कळला तो थेट निकालाच्या दिवशी. रविवारी चार वाजता परीक्षक अध्यक्षांसमोर बसले, सहाला सभागृहात निकाल होता. मी इतिवृत्त लिहायला वही घेऊन कोपऱ्यात बसले.

समीक्षकांनी चष्मा पुसत सुरुवात केली. तारकेबद्दल दहा मिनिटं बोलले. मोलकरणीपाशी आले आणि म्हणाले, "हिला नामांकन कसं मिळालं हेच कोडं आहे. ट्रे घेऊन येते, ट्रे घेऊन जाते. संपलं."

"सूप वाढते तो प्रसंग?" मावशीने विचारलं.

"कुठलं सूप?"

मावशीला वाटलं ते थट्टा करताहेत. तिने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मलाही आठवत नाही हो. जागी होते मी सबंध वेळ."

मावशी उठली आणि खाली गेली. परत आली ती पत्र्याचा गोल डबा छातीशी धरून. तपासलेल्या प्रत्येक डब्याचं झाकण ती पांढऱ्या चिकटपट्टीने बंद करून त्यावर तारीख लिहायची. या डब्यावरची पट्टी जशीच्या तशी होती.

"हे चौथं रीळ," ती म्हणाली. "उघडलेलंच नाही. का?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "त्या दिवशी सभागृह साडेआठला रिकामं करून द्यायचं होतं. मशीनवाल्याला मीच सांगितलं, एक रीळ सोड म्हणून. त्यात नायक नाही, नायिका नाही. कथेला काही फरक पडत नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तिला घरात चिडलेली खूपदा पाहिली होती, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"नायक नाही म्हणून गाळलंत? अहो, नायक नाही म्हणूनच ते तिचं आहे! पाहायला बोलावलंत कुणाला? सहायक अभिनेत्रीला. आणि नेमकी तिलाच कापलीत! वर हे साहेब विचारणार, हिने केलं काय? तुम्ही करू दिलंत का तिला काही?"

"ताई, आवाज."

"आवाजाचं मी बघते. आत्ता खाली चला. अकरा मिनिटांचं रीळ आहे."

समीक्षक खुर्चीतून हलले नाहीत. "अनुभवी नजरेला दोन प्रसंगांवरून अंदाज येतो," म्हणाले आणि बिस्किटाची बशी जवळ ओढली. बाई मात्र उठल्या. गुडघे धरले होते, तरी एका हाताने मला आणि दुसऱ्याने कठड्याला धरून तळघराच्या बावीस पायऱ्या उतरल्या.

मावशीने फिल्म काचेवर लावली. मोठ्या घरात मेजवानी चालली आहे. मागच्या दाराशी तार येते: घरातला मुलगा लढाईत मारला गेला. तार मोलकरणीच्या हातात पडते, आणि तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला असतो. त्याची आई टेबलाच्या टोकाला बसून हसते आहे. बारा पाहुण्यांसमोर सांगायचं कसं? मोलकरीण तार एप्रनच्या खिशात घालते आणि बाराही जणांना सूप वाढते. हात कापत नाही. रडत नाही. फक्त प्रत्येक खुर्चीमागे ती किंचित जास्त वेळ थांबते, आणि मालकिणीच्या खुर्चीमागे येते तेव्हा वाढायचं विसरून तिच्या मानेकडे बघत राहते. अकरा मिनिटांत तिला एकच वाक्य आहे: "गरम आहे, सांभाळून."

रीळ संपलं. बाईंनी तिथलंच स्टूल ओढलं आणि बसल्या. मग म्हणाल्या, "माझाही एक प्रवेश काढून टाकला होता एकदा. मंडळींना गाडी पकडायची होती म्हणून. महिनाभर तालीम केली होती मी. काही बोलले नाही तेव्हा."

"मग आता बोला," मावशी म्हणाली.

वर येऊन दोघींनी मोलकरणीला मत दिलं. दोन विरुद्ध एक. मी इतिवृत्तात लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "ते पाकीट आणा." पाकिटात निकालाची पत्रकं होती. शुक्रवारीच छापून आलेली. वर तारकेचा मोठा फोटो आणि खाली 'परीक्षकांचा एकमुखी निर्णय'.

"एकमुखी!" मावशी ओरडली. "मग आमची तोंडं कशाला गोळा केलीत? चहा प्यायला?"

"आता बदल अशक्य आहे, ताई. लोक येऊन बसलेत."

अध्यक्ष सभागृहात गेले, पण माईकपाशी बाई आधी पोचल्या होत्या. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई. तिच्या हातातून माईक काढून घेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यांनी निकाल सांगितला, मतं सांगितली आणि गाळलेल्या रिळाचंही सांगितलं. टाळ्या थोड्याच पडल्या. मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. "म्हणजे मी पूर्ण तिकीट काढून अर्धवट सिनेमा पाहिला?" मग गलका सुरू झाला, आणि अध्यक्षांना पुढच्या शनिवारी चौथं रीळ दाखवण्याचं कबूल करावं लागलं.

शनिवारी एकोणीस माणसं आली. अर्ध्यांना आणखी काही गोंधळ होतो का, एवढंच बघायचं होतं. तरी सूप वाढायच्या प्रसंगात कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशीच्या हाती त्याआधीच शिस्तभंगाचं पत्र पडलं होतं: परीक्षकांची बैठक मधेच सोडली, वरिष्ठांशी उद्धट बोलली. तिने पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं, "दोन्ही खरं आहे," आणि परत पाठवलं.

खरा संताप पुढेच होता. महिन्याभराने समीक्षकांचा लेख छापून आला: 'एका विस्मृत अभिनयाचा शोध'. त्यांनी म्हणे त्या मोलकरणीच्या थांबण्यातलं सौंदर्य प्रथम हेरलं होतं. मावशीचा उल्लेख नाही, बाईंचा नाही, गाळलेल्या रिळाचा तर नाहीच. मावशीने माझ्यासमोर फोन लावला.

"साहेब, तुम्ही ते रीळ बघायला खाली आलाच नव्हतात."

"नंतर पाहिलं ना, शनिवारी. शेवटी त्या अभिनेत्रीला न्याय मिळाला, तो महत्त्वाचा."

"तिला मिळाला. तो तुम्ही नाही दिलात. उद्याच्या अंकात तेवढं छापा."

पलीकडून फोन ठेवला गेला. छापून काही आलं नाही. अध्यक्ष आणखी सहा वर्षं अध्यक्ष राहिले. मावशी पुढच्या वर्षी निवृत्त झाली, निरोपाचा समारंभ तिने घेतला नाही. बाई मात्र आमच्या घरी येऊ लागल्या. दुपारभर दोघी समोरासमोर बसून जगातल्या सगळ्या परीक्षकांना नावं ठेवत असतात, आणि त्यात कुणी मधे बोललेलं त्यांना अजिबात खपत नाही.