ठकठक काकूंची भिंत

माझ्या बायकोला हजारो लोक ठकठक काकू म्हणून ओळखतात आणि मला ठकठक काकूंचा नवरा म्हणून. भाजीवाला वांगी तोलता तोलता विचारतो, "काका, आज काकूंनी कुठली भिंत वाजवली?" मी वरून हसतो आणि आतून चिडतो. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, पण त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द विचारला नाही.

ती घरं विकून देणारी एजंट. गिऱ्हाईक न्यायच्या आधी स्वतः एकटीने घर बघून यायचं, ही तिची पहिल्यापासूनची पद्धत. सगळे नळ एकदम सोडणार, कपाटात डोकं घालून वास घेणार आणि बोटं दुमडून प्रत्येक भिंत खालून वर वाजवत जाणार. ओल धरली की गिलावा आतून सुटतो आणि भिंत बद्द वाजते. हे ज्ञान तिने मला आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात दिलं, तेही घर घेऊन झाल्यावर. गिऱ्हाईक आलं की आधी घराची खोड सांगायची, मग खिडकीतला उजेड दाखवायचा. "अगं, अशाने कोण घेईल घर?" असं मी म्हणायचो. घेणारे घेत होते. फार नव्हते, पण घेतलेला माणूस पुढे आपल्या मेव्हण्याला घेऊन यायचा.

मग रील्सचं खूळ आलं. ऑफिसातली तरणी पोरं नवीन इमारतींच्या जिन्यांवरून नाचत उतरायला लागली आणि गिऱ्हाईकं त्यांच्या मागे जायला लागली. ऑफिसच्या मालकांनी स्पष्टच सांगितलं, "ज्याच्या मागे फॉलोअर्स नाहीत, त्याच्या हातात चांगल्या घराच्या किल्ल्या नाहीत." ही घरी येऊन गुमान भांडी घासायची. तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा मला भीती वाटायला लागली. शेवटी सुनेनेच मार्ग काढला. "आई, तुम्हाला कोण नाचायला सांगतंय? तुम्ही भिंत वाजवता ना, तेवढंच करा. मी शूट करते."

आणि ते चाललं! असं चाललं की मालकांनी ऑफिसच्या काचेवर हिचा भला मोठा फोटो लावला, भिंतीला कान लावलेला. आम्ही सगळे हवेत होतो. फक्त एक गोष्ट मला खुपत होती. ती आता आधी एकटी जाऊन घर बघत नव्हती. वेळच नव्हता. शिवाय सुनेचं म्हणणं, पहिल्यांदा बघताना चेहऱ्यावर जे येतं ते लोकांना आवडतं. मी एकदा विषय काढला, तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. मी जेवताना फोन बघतो, ही माझी वाईट खोड. तिचीच गाजलेली रील लावली होती. बेडरूममधली पांढरीशुभ्र भिंत, हिची दुमडलेली बोटं, ठक ठक ठक, आणि हिचं वाक्य, "ठणठणीत! इथे खुशाल पाठ टेका!" हे घर एका नर्सने पसंत केलं होतं. सोमवारी सकाळी करार होता.

हिचा घास हातात राहिला. "पुन्हा लावा," ती म्हणाली.

मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा ती पांढरी पडली होती.

"अहो, हा आवाज त्या भिंतीचा नाही. हॉलमधल्या भिंतीचा आहे."

सून वाढता वाढता थांबली. तिलाही आठवलं. "आई, बेडरूममध्ये आवाज नीट येत नव्हता ना, बसका येत होता. मला वाटलं माइकच बिघडलाय. म्हणून तुम्हाला हॉलमध्ये वाजवायला सांगितलं आणि तो आवाज इथे जोडला." ती रडवेली झाली. "मला काय माहीत, आई?"

"तुला नाही गं, मला माहीत असायला हवं होतं. मी वाजवलं आणि ऐकलंच नाही. पुढच्या घराची घाई होती."

ताटं तशीच ठेवून आम्ही तिघं निघालो.  घराची किल्ली हिच्या पिशवीतच होती; दार मी उघडलं. ती तडक बेडरूममध्ये गेली, खाली बसली आणि वाजवायला लागली. बद्द. बद्द. कमरेएवढ्या उंचीपर्यंत बद्द. पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर होतं आणि अलीकडे नवा कोरा रंग.

तिने मालकांना फोन लावला. त्यांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "काकू, आधी करार होऊ द्या, मग भिंतीचं बघू. तुमच्या तोंडाकडे बघून लोक येतात. तुम्हीच चुकलो म्हणालात, तर तुमचंही दुकान बंद आणि माझंही." मला त्यांचा राग आला, पण खरं सांगतो, भीतीही वाटली. काचेवरचा फोटो गेला तर ही पुन्हा गुमान भांडी घासत बसेल, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी म्हटलं, "सकाळपर्यंत थोडा विचार करू या."

"त्या नर्सच्या वडिलांना दम्याचा त्रास आहे. त्यांना आडवं झोपता येत नाही," ती म्हणाली. "बसून झोपतात, भिंतीला पाठ टेकून. मीच सांगितलंय ना, खुशाल टेका म्हणून?"

 तिने नर्सला बोलावून घेतलं.

संध्याकाळी नर्स ड्यूटीवरून थेट आली, पायात अजून हॉस्पिटलचे पांढरे बूट. हिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. भिंत वाजवून दाखवली. तिचा हात धरून भिंतीवर ठेवला. नर्स ऐकत होती, पण तिच्या कपाळावर आठी चढत होती.

"काकू, खरं सांगा. जास्त पैसे देणारं कुणी आलंय का?"

"नाही हो, सिस्टर! ऐका तरी. हा आवाज ऐकू येतोय ना?"

"आवाज येतोय. पण त्यातलं मला काय कळणार? म्हणून तर तुमचा व्हिडिओ बघितला. बाबांना तो तोंडपाठ झालाय. आमचं राहतं घर विकायला काढलंय आम्ही, आणि आता तुम्ही म्हणता घेऊ नका?" तिचा आवाज चढला. "हजारो लोकांसमोर ठणठणीत म्हणालात आणि बंद दाराआड मला एकटीला ओल सांगताय. मी कशावर विश्वास ठेवू?"

तिचंही काय चुकलं, सांगा!  हिने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सुनेला म्हणाली, "फोन काढ."

"आई, मालक..."

"काढ म्हणते ना!"

ती त्या भिंतीशीच उभी राहिली. केस नीट केले नाहीत, की चेहरा पुसला नाही. "मी ठकठक काकू. या भिंतीबद्दल मी तुम्हाला खोटं सांगितलं. आवाज दुसऱ्या भिंतीचा होता. खरा हा आहे." बद्द, बद्द. "हे घर आत्ता कुणी घेऊ नका." सुनेने काही कापलं नाही, काही जोडलं नाही, व्हिडिओ तसाच टाकला.

नव्या व्हिडिओची खबर देत नर्सचा फोन वाजला. ती भिंतीपासून हातभर अंतरावर उभी होती. तिने पाठ फिरवली, खिडकीच्या उजेडात फोन धरला आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. मग पुन्हा बघितला. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी गेली.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे खरंच ओल आहे!" तिने हिचे दोन्ही खांदे धरले. "बरं झालं काकू, व्हिडिओ टाकलात. नाहीतर मी सही करून बसले असते."

तोवर हिच्या पिशवीत फोन वाजायला लागला होता, मालकांचा. ती तो उचलेना. दुसरं घर मीच शोधून देते, असं ती नर्सला म्हणाली. आधी एकटी जाऊन बघेन आणि मग तुम्हाला बोलावेन.

"हो, हो," नर्स बूट नीट करत म्हणाली. "पण मला कशाला बोलावता? व्हिडिओच पाठवा."

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीवर तळहात टेकून उभी होती.