शिमोनाचं गीत कोण सुरू करणार?

किस्से जमवायला आमच्या क्वायरमध्ये कुणी कष्ट घेतले नाहीत. माणसं कमी होत गेली आणि किस्से वाढत गेले! अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचे दोन बाक भरायचे. पुढे पुढे एकच बाक, तोही ऐसपैस.

*

रविवारच्या सायंप्रार्थनेत दोन गीतं ठरलेली. आधी येशूच्या आईचं, मरियेचं, मग शिमोनाचं. चाल जुनी इंग्रजी, चार आवाजांची, शब्द मराठी. पायपेटीवर आमच्या रूथबाई. एकदा मुंबईहून आलेले पाळक म्हणाले, "गाता छान, पण एवढी घाई कसली?"

बाई म्हणाल्या, "सूर मोजके नि शब्द भरपूर. धावल्याशिवाय मावत नाहीत!"

*

पावसाळ्यात पायपेटी फुगायची. एका संध्याकाळी आमेन झालं, सगळे खाली बसले, तरी एक सूर वाजतच राहिला. रूथबाई पट्टी उचकटतायत, सूर थांबेना. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "असू दे बाई. निदान कुणीतरी प्रार्थना सोडत नाहीये!"

*

टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, आम्ही दोघं, मी आणि विल्सन. विल्सनला बहारीनला नोकरी लागली. निरोपाला केक कापला, हसलो, फोटो काढले. दुसऱ्या रविवारी रूथबाई मला म्हणाल्या, "आता चुकलास तर बाजूला बघायला कुणी नाही हां!" सगळे हसले. मी मात्र गाताना दोनदा बाजूला बघितलं.

*

खर्जातला आवाज एकच. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले दानियलकाका. शिमोन म्हणजे तो म्हातारा, ज्यानं बाळ येशूला हातात घेतलं आणि म्हणाला, देवा, आता मला शांतीनं जाऊ दे. त्या गीताची पहिली ओळ खर्जानं एकट्यानंच म्हणायची, बाकीचे नंतर. काकांची बायको मालनकाकू आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, एकटीच. दर रविवारी उभं राहताना काका तिला म्हणायचे, "चल, परवानगी मागतो."

"आधी मिरकरवाड्यातून बांगडे आणा, नि मग जा खुशाल!"

*

मग काकू आजारी पडल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

त्या रविवारी मरियेचं गीत झालं. रूथबाईंनी शिमोनाचा सूर दिला. काका गप्प. पुन्हा दिला. काका गप्पच. प्रार्थना संपल्यावर बाईंनी विचारलं, तर हळूच म्हणाले, "बाई, मी म्हटलं नि देवानं ते तिच्यासाठी ऐकलं तर?"

आम्ही ते गीत बंद केलं. कित्येक आठवडे आमची सायंप्रार्थना अर्ध्यावरच उरकत होती. देवाचा मला राग यायचा तो तेव्हा.

*

एका रविवारी चर्चच्या दारात रिक्षा थांबली आणि मालनकाकू उतरल्या. अंगावर पांढरी साडी, शरीरात काही उरलेलं नाही. काकांचा हात धरून आपल्या जागेवर येऊन बसल्या. मरियेचं गीत झालं. रूथबाईंनी पुस्तक मिटलं.

"पुढचं?" काकूंनी विचारलं.

काका जमिनीकडे बघत राहिले.

"अहो, तुम्ही म्हणत नाय ना? मग मी म्हणते."

आणि काकांची ओळ काकूंनी बसल्या बसल्या सुरू केली. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ. ओळ संपली तशी त्यांना धाप लागली. पुढचं गीत आम्ही उचललं. आल्टोत आता कुणीच नव्हतं. एवढ्यात काका तिची ओळ म्हणायला लागले! तो जाडजूड आवाज, बायकांच्या सुरात, रडत रडत.

आमेन झाल्यावर काकू म्हणाल्या, "शेवटी चुकलात. पुढल्या रविवारी नीट म्हणा."

रविवारपर्यंत काकू थांबल्या नाहीत. गुरुवारी त्यांना पोचवायला आम्ही जमलो, तेव्हा शिमोनाच्या गीताची सुरुवात मी केली. काका आल्टोच्या जागेवर उभे राहिले आणि शेवट बरोबर म्हटला.