वर 'श्री' लिहू नका!

सुटले एकदाची! आयर्लंडच्या प्रेसिडेंटची निवडणूक झाली, खांबांवरची पोस्टरं उतरली आणि माझा फोन कितीतरी दिवसांनी गप्प बसलाय.

लोकांच्या बेल वाजवत हिंडलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. रेनकोटच्या खिशात ओले टिश्यू साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस खिसा उलटा केला की सगळा गोळा बाहेर! तर आज खिसा उलटा करतेय. किलकेनीतल्या काका-काकूंनी मनाला लावून घेऊ नये. घेतलं तर घ्या.

काम साधं होतं. कुणाला मत द्या हे सांगायचं नाही, फक्त "मत द्या" म्हणायचं. आपल्या डॉक्टर मंडळींनी आयरिश पासपोर्ट घेतले. त्यासाठी भारताचा परत केला, तेव्हा रडले, मग पार्टी केली. आणि त्यानंतर बहुतेक जण एकदाही मतदानाला गेले नाहीत! मला याची चीड यायची. कॉलेज सोडलेलं, कॅफेतली शिफ्ट दुपारी संपायची आणि राग भरपूर. व्हॉलंटियर व्हायला आणखी काय लागतं?

आमची म्होरकी प्रज्ञाताई. फार्मसिस्ट, आवाज मोठा. पहिल्याच मीटिंगला सगळ्यांसमोर म्हणाली, "रुजू, तुझ्या बाबांचं मत नक्की ना?"

बाबा म्हणजे इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. मी म्हणाले, "बघू."

"बघू? घरातलं एक मत आणता येत नाही, आणि गाव जागं करायला निघाली!"

लागलं ते मला. त्या दिवसापासून बाकी सगळी किलकेनी एका बाजूला आणि बाबांचं एक मत एका बाजूला.

*

पहिला आठवडा मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. प्रज्ञाताईनं मतदार नोंदणीची लिंक टाकली, शेवटची तारीख ठळक अक्षरांत. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. कुणी गुलाबाचं फूल टाकलं, कुणी "खूप स्तुत्य उपक्रम!" लिहिलं.

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "नोंदणी किती जणांनी केली?"

ग्रुप चिडीचूप. मग सबनीसकाकांचा मेसेज आला, "लिंक वर गेली आहे. कृपया पुन्हा पाठवावी."

तिनं पुन्हा पाठवली. काकांनी हात जोडले.

शेवटी आम्ही लॅपटॉप घेऊन घरोघर गेलो, सोफ्यावर बसलो आणि चहा पीत पीत एकेकाची नोंदणी करून घेतली. काकांची करताना ते मला म्हणाले, "तुमच्या पिढीला टेक्नॉलॉजी छान जमते." मनात आलं ते बोलले नाही. चिवडा चांगला होता.

*

दुसऱ्या एका घरी दार उघडल्या उघडल्या प्रश्न आला, "आपला उमेदवार कोण?"

"आपला कुणी नाही काका. तुम्हाला पटेल त्याला द्या."

"हो, पण कुणाला द्यायचं?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"बरोबर. पण मंडळाचं काय ठरलंय?"

"मंडळाचं काहीच ठरलेलं नाही!"

काकांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. हा माणूस आयसीयू चालवतो. रात्री-बेरात्री कुणाच्या घशात नळी घालायची ते एका मिनिटात ठरवतो. आत वळून बायकोला म्हणाला, "अगं, काहीतरी गोंधळ आहे यांचा. ठरलं की येतील परत."

*

त्याच गल्लीत एका डॉक्टरांच्या सासूबाई अमरावतीहून आल्या होत्या. त्यांना इथं मत नव्हतं, पण सगळ्यात जास्त रस त्यांनाच.

"कावो बाई, हा प्रेसिडेंट काम काय करते?"

मी म्हटलं, "आजी, मोठ्या बंगल्यात राहतो. सरकारनं पाठवलेल्या कागदांवर सह्या करतो. पाहुणे आले की त्यांच्याशी गोड बोलतो. बाकी राज्य चालवायचं काम दुसऱ्यांचं."

आजींनी सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या जावयाकडं एक नजर टाकली.

"मंग याले काहून नाही उभं केलं? हा तं सात वर्सापासून तेच करून रायला!"

*

डॉ. वैशंपायनकाकू म्हणजे मुलांच्या डॉक्टर. पूर्वी मेडिकल कॉलेजात परीक्षक होत्या, आणि ते अंगातून गेलेलं नाही. इथल्या मतपत्रिकेवर शिक्का नसतो, बटण नसतं. उमेदवारांच्या नावापुढं आपल्या पसंतीनं १, २, ३ असे आकडे घालायचे. मी त्यांना सरावासाठी खोटी नावं लिहिलेला कागद दिला. काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ घेतला आणि कागद परत दिला.

४२. ३८. २९. आणि शेवटच्या नावापुढं "३५ (ग्रेस)".

"काकू, मार्क नाही द्यायचे! पहिला, दुसरा, तिसरा एवढंच."

"अगं, पण पहिला यायच्या लायकीचा एकही नाही यात!"

"जो त्यातल्या त्यात बरा, तो पहिला."

"हे असं करूनच दर्जा घसरला," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं चष्म्यावरून बघत, "तू कॉलेज सोडलंस म्हणे?"

मी म्हटलं, "हो. मला किती द्याल?"

काकूंनी चहा टाकला.

*

मग मोठा सराव ठेवला, कम्युनिटी हॉलमध्ये. वीसेक जण आले, समोसे होते म्हणून. सगळ्यांनी नकली मतपत्रिका भरल्या, प्रज्ञाताईनं गोळा केल्या, चाळल्या आणि खुर्चीत बसली.

जवळजवळ प्रत्येक कागदावर, अगदी वर, मधोमध: ॥ श्री ॥.

आपल्याला कळतच नाही आपण लिहितोय ते! कोरा कागद दिसला की हात आपोआप वर जातो. प्रज्ञाताई उठून ओरडली, "मतपत्रिकेवर आकड्यांशिवाय काहीही लिहायचं नाही! खूण वाटली तर मत बाद होऊ शकतं!"

"श्रीनं बाद होईल?" सबनीसकाका दुखावले. "मग शुभकार्याची सुरुवात कशानं करायची?"

"मनात म्हणा!"

आणि एका काकूंनी 'श्री'च्या जागी सुबक स्वस्तिक काढलं होतं, चार ठिपक्यांसकट. प्रज्ञाताईनं तो कागद हळूच दुमडून पर्समध्ये टाकला. "काकू, तुमचं प्रेम कळलं. पण आपण युरोपात आहोत!"

बाबा सरावाला आले नाहीत. ऑन कॉल होते. बाबा नेहमीच ऑन कॉल असतात.

*

आता बाबांचं सांगायला हवं.

मी डंडॉकला इंजिनियरिंगला होते. तिसऱ्या वर्षी थर्मोच्या परीक्षेला बसले. वर 'श्री' लिहिलं. ही सवय बाबांनीच लावलेली, पहिलीत होते तेव्हापासून. मग पेन खाली ठेवलं. जे शिकायचंच नव्हतं त्याचे तीन तास लिहायचे, मग नोकरी, मग आणखी तीस वर्षं तेच. उत्तरपत्रिका तशीच देऊन उठले आणि बस धरून घरी आले. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. तिघं एकाच टेबलाशी जेवतो.

सरावाच्या रात्रीही मी म्हटलं, "आई, त्यांना सांग, मतपत्रिकेवर श्री लिहू नका."

बाबांनी भात कालवला. "तिला सांग, मी जाणार आहे असं कुणी सांगितलं?"

"त्यांना विचार, का नाही जाणार? भारतातल्या निवडणुकीवर रोज रात्री तासभर भांडतात की फोनवर. तिथं तर मत उरलंही नाही!"

"तिला सांग, अर्धवट सोडणाऱ्यांनी दुसऱ्याला शिकवू नये."

आई दोघांकडं न बघता म्हणाली, "वरण कुणाला हवंय ते थेट मला सांगा."

*

प्रचाराच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आयरिश घरांतही गेलो. एका दारात मॉरीन नावाच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, केस पांढरेशुभ्र, हातात काठी. माझं आडनाव ऐकलं आणि एकदम खूश.

"अगं, तू डॉक्टरांची मुलगी! मागच्या महिन्यात माझ्या खुब्याच्या ऑपरेशनला युअर मॅननंच तर झोपवलं! फार गोड माणूस!"

युअर मॅन म्हणजे बाबा. गोड! मी प्रज्ञाताईकडं बघितलं. ती खोकली.

"मला भीती वाटत होती ना, तर ते तुझ्याबद्दलच सांगत राहिले. हुशार आहे, हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही. ऐकता ऐकता मी झोपी गेलेच! कितवं वर्ष गं आता इंजिनियरिंगचं?"

ऑपरेशन मागच्या महिन्यातलं. मी कॉलेज सोडून वर्ष झालं होतं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "तिसरं."

"ग्रँड!" मॉरीनआजी म्हणाल्या. घरी येईपर्यंत मी रस्त्यातल्या प्रत्येक कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. राग बाबांचा होता की माझा, ते डब्यांना विचारा.

*

मतदानाचा दिवस. केंद्र प्राथमिक शाळेत. आम्हाला दाराजवळ उभं राहायला मनाई, म्हणून समोरच्या चिप्सच्या दुकानापाशी, भिजत. प्रज्ञाताईच्या गाडीतून मी काका-काकूंना आणत होते, नेत होते.

सबनीसकाका सूट घालून आले. आत गेले, मत दिलं, आणि टेबलावरच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यापुढं डाव्या हाताचं बोट लांब करून उभे राहिले. शाई लावायला! त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं ते बोट दोन्ही हातांत धरून प्रेमानं हलवलं. "लव्हली टू मीट यू!"

काका बाहेर आले ते तावातावानं. "शाईच नाही! मी पुन्हा जाऊन दुसऱ्यांदा मत दिलं तर?"

"द्याल का?"

"मी का देईन!"

"मग झालं की."

काका धुसफुसत गाडीत बसले. जरा वेळानं ग्रुपवर त्यांचा फोटो आला: हसरा चेहरा, वर धरलेलं बोट, आणि बोटावर नातवाच्या व्हाइटबोर्ड मार्करची जाडजूड रेघ. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मराठी माणसानं आत जाऊन आधी शाई मागितली!

दुपार उलटली. सगळे येऊन गेले. वैशंपायनकाकूसुद्धा. ("दिला बाई एकाला पहिला नंबर. हात थरथरला.") प्रज्ञाताईनं मला काही विचारलं नाही. तिनं न विचारणं जास्त झोंबलं.

*

आणि मग शाळेच्या फाटकाशी बाबांची गाडी थांबली.

ऑपरेशन थिएटरमधून सरळ आले होते. स्क्रब्जवर जॅकेट, डोक्यावर ती निळी टोपी तशीच. माझ्यासमोर आले. आई सोबत नव्हती. इकडंतिकडं पाहिलं, निरोप द्यायला कुणीच नव्हतं.

"तुझं झालं?" बाबा म्हणाले. मला. सरळ.

माझं झालंच नव्हतं! दिवसभर लोकांना आणण्यात राहूनच गेलं होतं. आम्ही दोघं आत गेलो. लहान मुलांच्या वर्गात शेजारी शेजारी दोन फळ्यांचे आडोसे, दोरीला बांधलेल्या पेन्सिली. मी माझे आकडे घातले, घडी केली, पेटीत टाकली.

वळून बघते तर बाबा पाठमोरे, हलेचनात. खांदे वर आलेले. पेन्सिल थांबलेली. पाठीवरूनच मला कळलं. लिहिलं! वर, मधोमध, लिहिलंच त्यांनी!

केंद्रात मतदाराला काही सांगायला मनाई, म्हणून मला बोलता येत नव्हतं. वाटलं, झालं, आता हा माणूस कागद खिशात कोंबणार आणि तरातरा निघून जाणार. आमच्या घरात तीच पद्धत.

बाबा वळले. कागद हातात धरून टेबलापाशी गेले. कधी कुणाकडं काही न मागणारा माणूस. खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले. टेबलावरच्या बाईंनी तो कागद घेऊन बाजूला ठेवला, दुसरा काढून दिला. "नो बॉदर ॲट ऑल, डॉक्टर. यू आर ग्रँड."

बाबा परत आडोशामागं गेले. या वेळी पटकन बाहेर आले, घडी पेटीत टाकली, पेटीवर एकदा हात ठेवला. काचेतून दिसलं, रस्त्यापलीकडं प्रज्ञाताई दोन्ही अंगठे वर करून नाचत होती.

बाहेर पाऊस थांबला होता. आम्ही गाडीपाशी आलो. बाबांनी दार उघडलं, टोपी काढली, हातात चुरगळली.

"दुसरा कागद देतात," ते म्हणाले. "नुसता मागायचा असतो. बाई काही बोललीसुद्धा नाही."

"हं," मी म्हणाले.

"तुला म्हणून सांगितलं."

मग गाडीत बसून, हात लांब करून माझ्या बाजूचं दार त्यांनी आतून उघडलं.