दोन इंटरनेट आणि एक अपशब्द

आमच्या लातूरच्या तीन खोल्यांच्या घरात दोन इंटरनेट आहेत. (मोरी एकच आहे, पण तो विषय वेगळा.)

याला कारण माझी बायको, शैला. भूकंप झाला तेव्हा ती औशाजवळच्या गावात शाळकरी पोर होती. तेव्हापासून एका दाराची खोली तिला चालत नाही. आमच्या मैथिलीला कोचिंगच्या खास बॅचसाठी घरूनच ऑनलाइन चाचणी द्यायची आहे हे कळताच ती म्हणाली, "अहो, एकच नेट? बाहेर पडायला दोन वाटा पाह्यजेत!"

मग नेट बसवणारे अझरभाई आले. एका कंपनीची वायर त्यांनी खांबावरून आणली, दुसरीची गच्चीवरच्या तबकडीतून, आणि दोन्ही एकाच पेटीत खोचल्या. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तरी त्या पेटीपुढे मांडी घालून बसलो.

"टेन्शन घेऊ नका सर. ही लाइन फेल झाली की पेटी आपोआप दुसरीवर जाते. कुणाला कळत बी न्हाई."

मला अक्षरशः भरून आलं. एवढा समजूतदारपणा मी सख्ख्या भावांतही पाहिलेला नाही!

शैला मात्र स्वयंपाकघरातून लाटण्यासकट बाहेर आली. "काय झाली म्हणालात?"

"फेल, वहिनी. म्हणजे फेलओव्हर. त्याचं नावच तसं हाय."

"बारावीच्या पोरीच्या घरात हे नाव? अन् तेबी लातुरात?"

अझरभाई चहा घेऊन गेले. पेटीची सेटिंग माझ्या मोबाइलवर दिसत होती. शैलाने चष्मा लावून वाचलं : फेलओव्हर, चालू.

"बघा! फेल, अन् वर चालू! बंद करा आधी ते."

वायरी तर दोन्ही जोडलेल्याच आहेत, नुसत्या एका शब्दाने काय अडणार? (हा विचार फिजिक्सच्या प्राध्यापकाचा!) मी बंद केलं.

चाचणी निम्म्यावर आली आणि गल्लीत नव्या होस्टेलचा पाया खणणाऱ्या जेसीबीने हात वर उचलला. खाली आणताना आमची खांबावरची वायरही घेऊन आला.

"बाबा, नेट गेलं!"

"जाऊच शकत नाही! दोन आहेत!"

दुसऱ्या लाइनचा हिरवा दिवा निवांत लुकलुकत होता. मी पेटी हलवली, तिची समजूत घातली, शेवटी हात जोडले.

"मग ती दुसरी काय करायली?" शैला ओरडली.

मी अझरभाईंना फोन लावला. "सर," ते फार हळू आवाजात म्हणाले, "फेलओव्हर बंद केलं का तुम्ही?"

मी शैलाकडे पाहिलं. शैलाने छताकडे पाहिलं. पोरीचं वर्ष आमच्या दोघांच्या अकलेवर टांगलेलं होतं.

मैथिलीने आईचा मोबाइल उचलला, त्यावरून नेट जोडलं आणि पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. मी आ वासून बघत राहिलो. ही आपली मुलगी? त्या पेटीपेक्षाही थोर चीज घरात होती, आणि मला पत्ता नव्हता!

लागली बॅचला! पेढे वाटून झाल्यावर मी ऐटीत म्हणालो, "चला, आता विजेचा धडा मी घरी घेतो."

"घ्या की बाबा," ती प्रेमाने म्हणाली. "पण मी तिथल्या सरांकडंबी बसते. एकाच लाइनवर कशाला राहायचं?"

आता रोज सकाळी मी तिला त्या सरांकडे स्कूटरवर सोडतो आणि थोडा वेळ खिडकीबाहेर उभा राहतो. काय शिकवतात हो! वीज मलासुद्धा बरीच समजायला लागली आहे.